घोडेस्वार रुसला त्या दिवशीची लढाई

दत्तू,

तुझ्या बायकोनं मला एक प्रश्न विचारलाय आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे तुला नाही तर कुणाला सांगू? आजवर माझ्या डोक्याला काही ताप झाला की तुझ्याकडे यायचं, तू तंबाखू मळत ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "मध्या, तू उगंच घोर लावून घेतो." आता ते म्हणायलाही कुणी नाही, म्हणून घोर जास्तच लागलाय.

दहाव्याच्या दिवशी नदीवरून आम्ही सगळे औंढ्याला तुझ्या घरी परतलो. मंडळी मांडवात टेकली. मी चपला शोधत होतो, कारण मला तिथं थांबवत नव्हतं. तेवढ्यात सुमनवहिनी बायकांमधून उठून माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, येक इचारू? त्या शनवारी माझा च्या उशिरा आला म्हून हरला का तुमी?"

मी म्हटलं, "वहिनी, आत्ता कुठं तो विषय."

"आत्ता न्हाई. सवडीनं या. पर खरं सांगा. मला कुनी खरं सांगंना झालंय."

येतो म्हणालो आणि स्कूटर काढून पळालो. तुंगार्लीला घरी पोचेपर्यंत दोनदा चुकीचा गिअर टाकला. दुसऱ्या कुणी ते ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बाईला धक्का बसलाय, नवरा गेला आणि ही शिशाच्या बाहुल्यांच्या खेळाचं विचारतेय. पण मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला होता. गायकवाड सरांनाही कळला असता. तिसरा तू.

परवा माझ्या मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही तिघं नक्की खेळायचात तरी काय?" इतकी वर्षं तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला सांगितलं की तुंगार्लीतला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथल्या अडगळीत गायकवाड सरांना शिशाचे सैनिक सापडले. अंगठ्याएवढे. सर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी लगेच ओळखलं की ही नेपोलियनच्या काळातली पलटण आहे, निळ्या डगल्यांचे फ्रेंच आणि पांढऱ्या डगल्यांचे ऑस्ट्रियन. मग नियमांचं पुस्तक आलं, फासे आले, प्लायवूडवर हिरवा रंग फासून तुझ्या घरच्या टेबलावर मैदान झालं. पांढऱ्यांचा रंग उडाला होता तो तू घराच्या गेटाला उरलेल्या ऑइलपेंटनं दिलास, इतका जाड की निम्म्या पलटणीला नाकं राहिली नाहीत. सर फ्रेंच, आपण दोघं ऑस्ट्रियन. मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही कायम हरायचात?" मी म्हटलं, बहुतेक वेळा.

ते तूच पसंत केलं होतंस. मी आपला म्हणत होतो की फ्रेंच घेऊ, निदान म्हातारपणी तरी जिंकू. तर तू म्हणालास, "जितनाऱ्याकडून खेळायला काय लागतंय? हरनाऱ्याचं डोकं कसं चालतं, ते बघू की." आयुष्यभर घाटात गाड्यांना मागून बँकर इंजिन लावून ढकलत वर आणणारा माणूस तू. गाडी वर पोचली की पुढचा ड्रायव्हर निघून जायचा आणि तू इंजिन सोडवून रिकाम्या हातानं खाली. तुला हरणाऱ्यांबद्दल माया असणारच.

आणि भांडणं तरी किती केलीस. मैदानावर तुला भातखाचरं पाहिजे होती. सर म्हणाले, अहो युरोपात भात नाही. तू म्हणालास, "चिखल तर हाय ना? चिखलात घोडा किती चालतो, त्ये मला सांगू नका, आमी मावळातले." शेवटी खाचरं रंगवली गेली आणि घोडदळाला चिखलात निम्मी चाल असा नियमच झाला. त्या नियमाचा तोटा दर वेळी तुलाच व्हायचा, कारण घोडदळ तुझ्याकडे असायचं. तरी तू तो काही काढू दिला नाहीस.

पण मुलीला चहाचा नियम समजावता समजावता माझी जीभ अडखळली.

आपण दोघं एकाच फौजेचे दोन सेनापती. तू डावीकडे टेकडीमागे घोडदळ घेऊन, मी उजवीकडे गावात पायदळ घेऊन. खऱ्या लढाईत मैलभर अंतर असतं, तिथं कोण कुणाशी बोलतं? पण आपण एकाच टेबलाच्या दोन टोकांना. बोलायचं नाही ठरलं तरी तू भुवया उडवायचास, मी खाकरायचो. सर वैतागले. मग तूच तोडगा काढलास. निरोप चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी रिकाम्या कपाबरोबर सुमनवहिनींच्या हातात द्यायची आणि पुढचा चहा येईल तेव्हाच ती दुसऱ्याच्या बशीखाली पोचायची. मधे जेवढा वेळ जाईल, तेवढा घोडेस्वाराच्या वाटेतला वेळ. वहिनी आपला घोडेस्वार. त्या हसायच्या, म्हणायच्या, "मानसं रिटायर व्हत्यात मंग डोकी बी रिटायर व्हत्यात." पण चिठ्ठी कधी उघडून बघितली नाही त्यांनी आणि कधी विसरल्याही नाहीत.

आता तो शनिवार.

मी आलो तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. एरवी वहिनी दारातच म्हणतात, "या भाऊजी, तुमच्या बाहुल्या वाट बघत्यात." त्या दिवशी शब्द नाही. पहिला चहा आला तो बशी आपटून. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. मग सरांनी हळूच सांगितलं की वहिनींनी त्यांच्या भावाला सांगून तुझ्यासाठी तळेगावच्या डॉक्टरांची त्याच दिवशी सकाळची वेळ घेतली होती. तू ती मोडलीस. मैदान आदल्या दिवशीच मांडून झालंय, पुढच्या शनिवारी जाऊ म्हणालास.

मला तेव्हाच तुझा राग यायला हवा होता, पण मी सैनिक लावायला लागलो. तुंगार्लीच्या धरणाच्या चढावर फिरायला गेलो की तू मधेच थांबायचास आणि म्हणायचास, बघ काय झकास दिसतंय. मी पण बघायचो. तिथं एवढं दिसण्यासारखं काय आहे हे मला कधी कळलं नाही.

बेत तुझा होता आणि चांगला होता. मी गावात ठाण मांडून बसायचं. फ्रेंच माझ्यावर चालून आले की तू टेकडीला वळसा घालून बाजूनं त्यांच्या कुशीवर तुटून पडायचं. माझ्या पाठीमागे नदी आणि एकच पूल. ऑस्ट्रियन फौजेला माघारी जायला तेवढीच वाट. सुरुवातीला सगळं बेताबरहुकूम चाललं. सरांचं निळं पायदळ गावावर आलं, मी दोनदा परतवलं. फासेही त्या दिवशी आपल्या बाजूनं पडत होते. सर चष्मा पुसायला लागले, म्हणजे ते घाबरले.

मग त्यांनी राखीव पलटण हलवली. गावाकडे नाही, पुलाकडे. झाडांच्या रांगेआडून, थेट माझ्या पाठीमागे.

दत्तू, मला ते डोळ्यांनी दिसत होतं. टेबलच केवढं. पण नियमाप्रमाणे माझ्या सैनिकांना झाडांमुळे दिसत नव्हतं, म्हणून मला हलता येत नव्हतं. टेकडीवरून फक्त तुझ्या माणसांना दिसत होतं. तू चिठ्ठी लिहिलीस, कप रिकामा केलास. वहिनी आल्या, कप घेतला, चिठ्ठी घेतली, आत गेल्या.

आणि चहा येईना.

एक चाल झाली. निळे झाडांच्या निम्म्यावर आले. आतून भांड्याचा आवाज नाही, स्टोव्हचा नाही, काही नाही. दुसरी चाल. मी गावात बसून समोरच्या चार फ्रेंचांवर गोळ्या झाडतोय आणि मागून माझा पूल चाललाय. माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात गेली. निरोप उशिरा पोचला की काय होतं हे मला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. मी तुझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, अरे हाक मार की आत. तू मान हलवलीस. नाही म्हणून. मग स्वयंपाकघराकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं म्हणालास, "आमचा घोडेस्वार रुसलाय आज." आणि हसलास. मला हसू आलं नाही.

चहा आला तेव्हा फ्रेंच पुलावर उभे होते. बशीखालची चिठ्ठी ओली झाली होती. तुझं गिचमिड अक्षर: गाव सोड, पूल धर. मी ती वाचून टेबलावर ठेवली.

त्यानंतरचं तू बघितलंसच. माझं पायदळ गावात कोंडलं गेलं. तू बेत, टेकडी, कूस सगळं सोडून घोडदळ सरळ पुलावर घातलंस, ते पण तुझ्याच खाचरांतून, निम्म्या चालीनं. सरांच्या पलटणीनं चौकोन धरला, चारी बाजूंनी संगिनी बाहेर. चौकोनावर घोडे फुटतात हे शेंबड्या पोराला कळतं, तुला कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी एक पथक फुटलं की दुसरं घालत राहिलास. शेवटी तुझ्याकडे एक सेनापती आणि त्याचा घोडा एवढंच उरलं. माझ्या गावानं शस्त्रं खाली ठेवली. आजवरच्या सगळ्या हारींत अशी सपशेल हार आपण खाल्ली नव्हती.

सर सज्जन माणूस. म्हणाले, "चहा उशिरा झाला हो. ते काही लढाईत धरू नये. चार चाली मागे जाऊ." मी लगेच तयार झालो. तू नाही. "न्हाई सर. घोडेस्वार आडला तर आडला. लढाईत आसंच व्हतं." आणि नाकं नसलेले तुझे सैनिक एकेक करून कापसात गुंडाळायला लागलास.

मला राग आला, तो मी गेटापर्यंत दाबून ठेवला. गेटाशी स्कूटरला किक मारण्याआधी म्हटलं, "एका हाकेचं काम होतं दत्तू. काय अडलं होतं?"

तू गेटाच्या खांबाला टेकून उभा होतास. जरा दम खाऊन म्हणालास, "मध्या, सुमनचं बरुबर हाय. मला चालताना लागतंय छातीत. आज जायाला पायजे व्हतं. सोमवारी जातो."

"हे त्यांना सांगितलंस?"

"आबोला हाय. सुटला की सांगतो."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. सोमवारी सकाळी तुझ्या पुतण्याचा फोन आला.

आता सांग, मी काय करू? मधे तुला एकच दिवस मिळाला आणि तोही अबोल्यात गेला असणार. तुझं ते वाक्य माझ्याकडे राहिलंय आणि ते माझं नाही. सांगितलं तर वहिनी हिशेब मांडतील, की रविवारी मी बोलले असते तर त्यांनी सांगितलं असतं, रविवारीच गाडी करून नेलं असतं. जन्मभर जळत बसतील. नाही सांगितलं तर त्यांना वाटत राहणार की माझ्या हट्टी नवऱ्याला शेवटपर्यंत माझं म्हणणं पटलं नाही आणि वर मी त्याची लढाईही घालवली. दोन्हीकडून त्यांचाच जीव जातो आणि मला मधे उभं करून तू मोकळा झालास. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला या दिवसांत कळलं. रात्री पंख्याकडे बघत पडतो, बायको म्हणते, एकदाचं जाऊन या, नाहीतर तुम्हालाच डॉक्टरकडे न्यावं लागेल.

गायकवाड सरांना फोन केला. ते म्हणाले, "फाशांवर ढकला ना मधुकरराव. फासे वाईट पडले म्हणा, कोण तपासणार आहे?" मी म्हटलं, सर, फासे चांगले पडत होते. ते म्हणाले, "ती लढाई मी जिंकली असं मला वाटतच नाही. पूल मोकळा मिळाला मला." त्यांचाही आवाज बसला होता. त्यांनाही झोप नाही.

मी शेवटी ठरवलं की थोडं खोटं बोलायचं. चहाचं काही नाही, बेतच चुकला म्हणायचं आणि गेटाजवळचं गाळून टाकायचं. तू असतास तर म्हणाला असतास, आरं गप, तुला खोटं बोलता येतंय व्हय? तरी मी वाक्यं पाठ केली. आंघोळ करताना म्हणून बघितली.

इथवर काल लिहिलं होतं. आज जाऊन आलो.

घर शांत होतं. पाहुणे गेलेले. तुझा पुतण्या रानात गेला होता. टेबलावरचं मैदान कुणी उचललं नाही, पुलावर सरांचे निळे अजून तसेच उभे आहेत, घाईत राहून गेले असतील. वहिनी त्याच खोलीत खाली बसून पावटे सोलत होत्या. मी खुर्चीत बसलो, मग बरं वाटेना म्हणून मीही खाली बसलो.

वहिनींनी वर न बघता विचारलं, "मंग? माझ्यामुळं हरला का?"

पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण दत्तू, त्या बाईचे हात थांबले होते. शेंग अर्धी उघडून तशीच धरली होती. त्या थांबलेल्या हातांसमोर मला फासे, बेत, काही म्हणजे काही बोलता आलं नाही.

मी म्हटलं, "हो वहिनी. चिठ्ठी वेळेवर आली असती तर पूल गेला नसता."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळी म्हन्त्यात, तुमचं काय न्हाई चुकलं, काय न्हाई चुकलं. आसं आसतंय व्हय? मी मुद्दाम च्या टाकला न्हाई. चिठ्ठी मुठीत धरून बसलेवते. म्हनलं, बसू दे वाट बघत. मी बी सकाळधरनं बसलेवते न्हवं, साडी नेसून, डाक्टरकडं जायाला."

"त्याला माहीत होतं," मी म्हटलं. "घोडेस्वार रुसलाय म्हणाला. हसला. सरांनी चाली परत देऊ केल्या, त्यानं घेतल्या नाहीत."

"रागावलं न्हाईत?"

"नाही. मी रागावलो. तो नाही."

इथं थांबायला हवं होतं. पुरेसं झालं होतं, त्यांचे खांदे जरा सैल झालेले मला दिसले. मी उठलोही. पण ते वाक्य तुझं होतं, त्यांच्यासाठीच होतं आणि ते घेऊन मी पुन्हा तुंगार्लीला जाऊ शकत नव्हतो. पुन्हा बसलो आणि सगळं सांगितलं. गेट, खांब, छातीत लागतंय म्हणालास ते. सोमवारी जातो म्हणालास ते. सुमनचं बरोबर आहे, हे तुझ्याच शब्दांत, तुझ्याच बोलीत. अबोला सुटला की सांगतो, हेसुद्धा.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हिशेब मांडतील, रविवारचा. मी खाली बघितलं.

"आयतवारी दिसभर माझ्या मागंमागं व्हते," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी आले, उगं उभं राहिले, गेले. पान्याचा हंडा भरून ठिवला. दोनदा आले. मला वाटलं, जेवान मागत्यात." मग त्यांनी जे विचारलं ते माझ्यासाठी नव्हतं, त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"आबोला माझा व्हता. त्यांनी कशापाई पाळला?"

दत्तू, मी तिथं बसून पावटे सोलू लागलो.